टक्के पुढ्यात, व्होल्टेज मेनूत: छोट्या ड्रोनच्या बॅटऱ्यांचा हंगामभराचा अनुभव

कॅमेरा कसा आहे, किती लांब जातो, वाऱ्यात किती टिकतो हे तुम्ही व्हिडिओंत पाहिलेलंच असेल. त्यावर मी शब्द खर्च करणार नाही. दसऱ्याला घेतलेला हा २५० ग्रॅमच्या आतला ड्रोन साताऱ्याकडे बैलगाडा शर्यती, जत्रा आणि प्लॉटिंगच्या जाहिरातींसाठी वापरतोय. तक्रार फक्त बॅटरीची आहे. तीही खरं तर बॅटरीची नाही, स्क्रीनच्या कोपऱ्यात दिसणाऱ्या टक्क्यांची.

पौषातली सकाळ, ऊन अजून पडायचं होतं. मैदानाच्या कडेकडेनं उडवत होतो, बॅटरी ३४ टक्के. वरून फ्रेम घ्यायला थ्रॉटल, म्हणजे ड्रोन वर चढवणारी काडी, पूर्ण दाबला आणि लाल पट्टी आली: बॅटरी अतिशय कमी, ड्रोन उतरतोय. रिमोट असा किंचाळायला लागला की शेजारचे बैल बिथरले. बॅटरी कमी झाली की येणारी ड्रोन परत बोलावण्याची सूचना रद्द करता येते, ही सक्तीची उतराई रद्द होत नाही. थ्रॉटल वर धरून उतरणं लांबवता येतं आणि काडीनं दिशा देता येते, तेवढंच हातात असतं. कसाबसा उसाच्या बांधावर उतरवला. मोटरी थांबल्यावर स्क्रीन बघितली, तर बॅटरी पुन्हा तिशीच्या आसपास! मग मघाशी बोंब कशाची होती?

बोंब व्होल्टेजची होती. टक्के हा किती साठा उरलाय त्याचा अंदाज असतो, व्होल्टेज म्हणजे त्या घडीचा विजेचा दाब. थंडीत सेलचा अंतर्गत रोध वाढतो, त्यात थ्रॉटल दाबला की साठा असूनही व्होल्टेज एकदम खाली बसतं आणि भार गेला की परत वर येतं. दोन सेलच्या बॅटरीत एक सेल जरी आधी बसला तरी खेळ संपतो. हे सगळं दाखवणारा आकडा ॲपमध्ये आहे, प्रत्येक सेलचा वेगळा आहे, पण तो सेटिंगच्या पोटात दडवलाय. ड्रोन हवेत असताना मेनू उघडत बसायचं का? टक्क्यांशेजारी चार अक्षरांची जागा नव्हती? एवढ्या एका गोष्टीसाठी मी एक स्टार कापतोय, आणि मला ते कमीच वाटतंय.

सर्व्हिस सेंटरनं बॅटरी ठेवून घेतली, नंतर फोन आला, "सर, लॉग नॉर्मल आहे. थंडीत उडवू नका." म्हटलं, मग शर्यतीच्या कमिटीला सांगू का, ऊन तापल्यावर बैल जुंपा म्हणून? बॅटरीची वॉरंटी ड्रोनपेक्षा कमी असते, वर चार्ज सायकलची, म्हणजे किती वेळा चार्ज झाली त्याची अट, हे पावतीमागच्या बारीक अक्षरांत सापडलं. नवी घ्यावी तर परदेशी तयार ड्रोनची आयात फेब्रुवारी २०२२ पासून बंद, त्यामुळे दुकानदार तोंडाला येईल तो भाव सांगतो. एका बॅटरीच्या पैशात घरात चांगला मिक्सर येतो. थोडी जास्त दमाची मोठी बॅटरीही मिळते, पण ती लावली की वजन २५० ग्रॅमच्या वर जातं आणि ड्रोन नॅनो या सगळ्यात हलक्या सरकारी वर्गातून बाहेर पडतो. मग तो सगळा कागदी व्याप कुणी करायचा?

चिडचिडीची दुसरी गोष्ट म्हणजे पूर्ण चार्ज करून ठेवलेली बॅटरी काही दिवसांनी आपली आपण उतरते. बिल मी भरायचं आणि वीज हिनं उष्णतेत उधळायची. पण लिथियम पॉलिमर सेल भरलेला राहिला की लवकर म्हातारा होतो, म्हणून ती स्वतःला साधारण ६० टक्क्यांवर आणून ठेवते. पटलं, पण पैसे गेल्याचं दुःख आहेच. आता आदल्या रात्रीच चार्ज करतो. चार्जिंग हबवर मात्र मी खूश आहे. तो तिन्ही बॅटऱ्या एकदम न भरता सगळ्यात जास्त भरलेली आधी पूर्ण करतो, त्यामुळे लाईट मध्येच गेली तरी एक तरी हाताशी असते. फक्त उडवून आल्यावर गरम बॅटरी लावली तर तो ढिम्म हलत नाही, निवेपर्यंत वाट बघायची.

इथवर लिहून ठेवलं होतं. मधे चैत्रातल्या जत्रा झाल्या आणि मत थोडं बदललंय. उन्हाळ्यात तीच बॅटरी शहाण्यासारखी वागते. शिवाय परत येण्याची जी सूचना मला किरकिर वाटायची, तिचा हिशेब पक्का आहे. ती ठरावीक टक्क्यांवर येत नाही, ड्रोन जितका लांब आणि उंच तितकी लवकर येते. डोंगराच्या कडेला असताना मी अर्ध्या बॅटरीवरच माघारी बोलावला गेलो आणि चिडलो होतो, पण समोरून वारा सुटला आणि उतरेपर्यंत शिल्लक किती होती ते सांगायची सोय नाही. वारा अंगावर असेल तर उंची कमी करून आणावा, खाली वारा कमी लागतो. झाडं आणि महावितरणच्या तारा तेवढ्या बघाव्यात.

थंडीतलं सांगतो. बॅटरी आतल्या खिशात ठेवायची, उडवल्यावर मिनिटभर डोक्याइतक्या उंचीवर तरंगत ठेवायचा, मगच थ्रॉटल. निघण्याआधी मेनूत जाऊन दोन सेल बघायचे. फरक ०.१ व्होल्टच्या वर गेला तर ती बॅटरी लांबच्या शॉटला नाही. हवेत भाराखाली सेल ३.५ व्होल्टच्या खाली दिसला की टक्के काहीही म्हणोत, मी परत फिरतो. हे बघायला दरवेळी मेनू उघडावा लागतो, हे पुन्हा एकदा लिहून ठेवतो.

ती पौषातली बॅटरी आता फुगलीये. आत वायू धरतो, कवच उचलतं, मग ती खाचेत नीट बसत नाही आणि हवेत निसटायची भीती असते, म्हणून बाद केली. टोचायची नाही, दाबून बसवायची नाही, कचऱ्यात टाकायची नाही. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांप्रमाणे वापरून झालेल्या बॅटऱ्या गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे. सर्व्हिस सेंटरचं उत्तर, "आम्ही घेत नाही, सर." नियमाचं नाव काढल्यावर मॅनेजर बाहेर गेलेत म्हणाले. मॅनेजर अजून आलेले नाहीत. बॅटरी सध्या गोठ्यापासून लांब, वाळूच्या घमेल्यात आहे आणि तिच्यावर बसू नये म्हणून कोंबड्या हाकलायचं काम आईकडे लागलंय. स्टार तीन. व्होल्टेज पुढच्या स्क्रीनवर आणलं तर चौथा देईन.