सात मिनिटांत ईसीजी : बेळगावच्या एका कॅज्युअल्टीचा अनुभव

पाचपैकी चार तारे देतेय. चारही दारातल्या सिस्टरांचे आहेत. पाचवा का दिला नाही, तेही सांगते. दवाखान्यांची नावं लिहीत नाही. आपल्या भागात कुठल्याही कॅज्युअल्टीत, म्हणजे दवाखान्याच्या तातडीच्या विभागात, शिरताना काय बघायचं, ते कळावं म्हणून हे लिहायला बसलेय.

मी जांबोटी भागातल्या एका मराठी शाळेत विज्ञान शिकवते. जुलैत, ऐन रोपं लावायच्या दिवसांत, सासूबाई दुपारी जेवून हात धुवायला परसात गेल्या आणि तिथल्या दगडावर बसूनच राहिल्या. "जबडा ओढल्यासारखा होतोय गं. पोटात पण कसंतरीच व्हायलंय," एवढंच म्हणाल्या. वय 71, साखर 14 वर्षांपासून. छातीत दुखतंय का विचारलं तर नाही म्हणाल्या. पण बाहेर पाऊस, गार वारं, आणि त्यांच्या कपाळावरून घाम ओघळत होता. ब्लाऊजची पाठ भिजून अंगाला चिकटली होती.

दिरांनी ओम्नी काढली. आधी तालुक्याच्या गावी एका खासगी दवाखान्यात नेलं. काऊंटरवर नाव, गाव, वय, आधार कार्ड, पैसे, मग केसपेपर, मग नंबर. बाकड्यावर आमच्या आधी अकरा जण. त्यातला एक मुलगा नुसतं सर्टिफिकेट घ्यायला आलेला. सासूबाईंना कुणी हात लावला नाही, नाडीसुद्धा बघितली नाही. पन्नास मिनिटांनी डॉक्टरांनी दोन मिनिटं तपासलं, पित्त आहे म्हणाले, इंजेक्शन दिलं. ईसीजीचं विचारलं तर ते काढणारा माणूस पाच वाजता येणार होता.

डॉक्टरांपुढे गर्दी होती, ते मला दिसत होतं. माझी तक्रार त्या पन्नास मिनिटांबद्दल आहे. आजारी माणूस दारातून आत आला की त्याच्याकडे बघायचं काम तिथे कुणाचंच नव्हतं. काऊंटरवर पावत्या फाडणारी मुलगी नर्सच्या पोशाखात होती. शिकलेली नर्स दारात बसवलेली आणि तिच्या हातात पावतीपुस्तक! ही गोष्ट अजून मला सलते.

पित्ताचं इंजेक्शन घेऊन घरी जायचं माझ्या मनाला पटेना. गाडी बेळगावच्या रस्त्याला लावली. पिरनवाडी येईपर्यंत त्यांना दोनदा उलटी झाली. उद्यमबागेच्या गर्दीत दीर हॉर्नवरचा हात काढत नव्हते.

चार वाजून चौतीस मिनिटांनी आम्ही या दवाखान्याच्या कॅज्युअल्टीत शिरलो. दाराच्या आत चार पावलांवर एक टेबल, त्यावर बीपीचं मशीन, बोटाला लावायचा ऑक्सिमीटर, ग्लुकोमीटर आणि रंगीत पट्ट्यांचा डबा. टेबलामागच्या सिस्टर आम्हाला बघूनच उठल्या. केसपेपर मागितला नाही. व्हीलचेअर ओढतच विचारलं, "एल्लि नोवु अज्जी?" म्हणजे कन्नडमध्ये, कुठं दुखतंय आजी. सासूबाईंनी जबड्याला हात लावला. मग त्यांच्या गोकाककडच्या मराठीत, "दंडात दुखतंय काय? दम लागतोय? साखर हाय? सकाळधरनं काय खाल्लं?" बोलता बोलता एका हातानं नाडी धरलेली, दुसऱ्या हातानं बीपीचा पट्टा गुंडाळणं चाललेलं. मनगटाला लाल पट्टी बांधली आणि आत नेलं.

ईसीजी सिस्टरांनीच काढला. पडदा ओढला, नऊवारीचा पदर बाजूला करताना आधी सांगितलं, "अज्जी, चोळीची हुकं काढते हं." घामामुळे ईसीजीच्या वायरींच्या चिकट्या छातीवर बसत नव्हत्या. त्यांनी गॉझनं एकेक जागा पुसली, चिकटी लावून बोटानं दाबून धरली. हातातल्या ओल्या बांगड्या हळूच कोपराकडे सरकवल्या, एकही पिचकली नाही. कागद बाहेर आला त्यावर वेळ छापलेली होती, 16:41. दारातून आत आल्यापासून सात मिनिटं.

छातीत किंवा आसपास दुखत असलेल्या माणसाचा ईसीजी आल्यापासून दहा मिनिटांत निघून डॉक्टरांनी बघितला पाहिजे, असं हृदयरोगाच्या मार्गदर्शक सूचना सांगतात. हे काम डॉक्टरची वाट बघत थांबत नाही ते नर्सच्या जोरावर. सिस्टरांनी कागद बघितला, चेहरा बदलू दिला नाही, आणि छातीच्या उजव्या बाजूला चिकटी लावून आणखी एक कागद काढला. तेवढ्यात दिरांनी खिशातून सॉर्बिट्रेट, छातीत दुखल्यावर घ्यायची गोळी, काढली, शेजाऱ्यांनी निघताना दिलेली. "जिभेखाली ठेवू काय?" सिस्टरांनी हात आडवा धरला. "थांबा दादा. बीपी अठ्ठ्याऐंशी हाय."

त्याचा अर्थ मला नंतर कळला. हृदयाच्या खालच्या भागाला झटका बसला की उजवा कप्पाही कधी कधी दुबळा होतो. अशा वेळी सॉर्बिट्रेटनं रक्तवाहिन्या सैलावतात, हृदयाकडे परत येणारं रक्त कमी होतं आणि आधीच उतरलेलं बीपी कोसळतं. उजवीकडचा ईसीजी त्यासाठीच होता. आपल्याकडे घरोघरी ही गोळी फ्रीजवरच्या डब्यात असते आणि ती सगळ्यांना चालते असा समज आहे. आमच्या घरातही होता.

डॉक्टर आले तेव्हा दोन्ही ईसीजी, बीपी, साखर, ऑक्सिजन आणि दुखायला लागल्याची वेळ एका कागदावर तयार होती. सलाईनची सुई लावलेली होती. डॉक्टरांना विचारत बसावं लागलं नाही, नुसतं ठरवावं लागलं. अॅस्पिरिन चावून खायला दिली आणि 5 वाजून 50 मिनिटांनी अँजिओप्लास्टी झालीसुद्धा. दवाखान्यात पाय ठेवल्यापासून बंद नळी उघडेपर्यंत 90 मिनिटांच्या आत, हे जगभर मानलेलं माप आहे. आम्हाला 76 लागली.

माझी भाची बी.एस्सी. नर्सिंगला आहे. आयसीयूबाहेर बसले असताना तिनं मला हे सगळं समजावलं. रुग्ण आला तसा नंबर न लावता, कुणाला थांबवलं तर जिवावर बेतेल ते आधी ओळखायचं, याला ट्रायाज म्हणतात. नेपोलियनच्या सैन्यातला शल्यचिकित्सक लारे हा हुद्दा न बघता जखम बघून उपचाराचा क्रम लावायचा, तिथपासून या विचाराचा धागा येतो. इंग्लंडमधल्या मँचेस्टर पद्धतीत पाच रंग आहेत. लाल लगेच, नारिंगी दहा मिनिटांत, पिवळा साठ, हिरवा एकशेवीस, निळा दोनशेचाळीस. हा रंग तिथे बहुतेक वेळा नर्सच ठरवते.

भाचीनं दोन अभ्यासही दाखवले. नर्सिंगच्या संशोधक लिंडा एकेन आणि सहकाऱ्यांनी 2002 साली अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या 168 रुग्णालयांचा अभ्यास केला. एका नर्सकडे सरासरी एक रुग्ण वाढला की तीस दिवसांत मृत्यू होण्याची शक्यता सात टक्क्यांनी वाढलेली दिसली. 2014 साली युरोपातल्या नऊ देशांत चार लाख वीस हजारांहून जास्त रुग्णांचा हिशोब मांडला, तिथेही तोच सात टक्क्यांचा आकडा. शिवाय पदवीधर नर्सचं प्रमाण दहा टक्क्यांनी जास्त असेल तिथे ही शक्यता सात टक्क्यांनी कमी. हे अभ्यास शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांचे आहेत, कॅज्युअल्टीचे नाहीत, आणि यावरून थेट कारण सिद्ध होत नाही. मुलांना शिकवताना मी हा फरक नेहमी सांगते, म्हणून इथेही सांगितला. पण त्या टेबलाशी उभं राहून आलेल्या कुणालाही हे आकडे खोटे वाटणार नाहीत.

आता पाचवा तारा. रात्री आठला पाळी बदलली. संध्याकाळच्या सिस्टरांनी रात्रीच्या सिस्टरांना खाटेशी उभं राहून एकेका रुग्णाची माहिती दिली, ते फार चांगलं वाटलं. पण रात्रीच्या होत्या फक्त दोघी आणि खाटा अकरा. कॅलिफोर्नियात 2004 पासून कायदा आहे, आपत्कालीन विभागात एका नर्सकडे चारांहून जास्त रुग्ण द्यायचे नाहीत. मी कागदपत्रं आणायला खाली आले तेव्हा त्यातल्या एक सिस्टर उभ्या उभ्या पाणी पीत होत्या आणि एका नातेवाईकाचं ओरडणं ऐकून घेत होत्या. तारा व्यवस्थापनाचा कापलाय. त्या दोघींचा नाही.

दुसरं म्हणजे पाट्या. कन्नड आणि इंग्रजीत आहेत. खानापूर, निपाणी भागातल्या म्हाताऱ्या माणसांना दोन्ही वाचता येत नाहीत. कन्नड असूच दे, तिच्याखाली मराठीची एक ओळ आली तर कुणाचं काय जातंय? सासूबाईंशी त्या सिस्टर दोन्ही भाषांत बोलल्या, त्यात कुणालाच काही अडचण आली नाही.

पैशांचं : आमचं बीपीएल कार्ड आहे. आरोग्य योजनेचे कागद काऊंटरवर दुसऱ्या दिवशी सकाळी घेतले, आधी पैसे भरा असं एकदाही कुणी म्हणालं नाही. मेहरबानी म्हणून नव्हे, तसंच व्हायला हवं. जीव वाचवण्याआधी कागदी सोपस्कार आडवे येता कामा नयेत, हे सर्वोच्च न्यायालयानं 1989 साली परमानंद कटारा खटल्यात स्पष्ट केलेलं आहे.

सासूबाई घरी आहेत. परसात हळूहळू चालतात. मागच्या महिन्यात तपासणीला गेलो तेव्हा त्यांनी कॅज्युअल्टीच्या दाराशी रिक्षा थांबवायला लावली. त्या सिस्टरांची सुट्टी होती. टेबलावर दुसऱ्या कुणी होत्या, एका पोराच्या बोटाला ऑक्सिमीटर लावत होत्या.

जाणाऱ्यांसाठी : मोठ्या गेटातून आत गेलात तर ओपीडीच्या रांगेत अडकाल. आम्ही गेलो तिथे कॅज्युअल्टीचं दार डावीकडे होतं, रॅम्प असलेलं. चालू गोळ्यांची पाकिटं पिशवीत टाकून न्या. दुखायला कधी लागलं ती वेळ हातावर पेनानं लिहून ठेवा. आम्ही ती अंदाजानं सांगितली, आणि सिस्टरांनी तीनदा विचारली.