स्प्रिंगच्या गाड्यांचा किट: माल एक नंबर, सोबतचा कागद चुकीचा

पोरगी अकरावी सायन्सला आहे, मोमेंटमची (वस्तुमान गुणिले वेग) व्याख्या तोंडपाठ पण गणित आलं की अडायची, म्हणून लक्ष्मीपुरीतल्या एका लॅब सामानाच्या दुकानातून हा किट आणला, १८५० रुपये. दीड मीटरची ॲल्युमिनियमची पट्टी, पाव पाव किलोच्या दोन गाड्या, पाव किलोचं एक जादा वजन आणि मधे दाबून लॉक करायची स्प्रिंग.

आधी स्प्रिंग मोजली. उभी धरून वर अर्धा किलो ठेवलं तर अडीच सेंटीमीटर दबली, म्हणजे स्प्रिंगचा कडकपणा साधारण २०० न्यूटन पर मीटर. ४ सेंटीमीटर दाबली की आत ०.१६ जूल एनर्जी साठते. मग निळ्या गाडीवर वजन चढवून ती अर्धा किलोची केली, हलक्या लाल गाडीपुढं ८० सेंटीमीटरवर आणि निळीपुढं ४० वर अडथळा लावला आणि खटका सोडला. पहिल्यांदा टक... टक असे दोन आवाज आले, निळीचं एक चाक अडकत होतं. दुकानदारानं कुरकुर न करता दुसऱ्या दिवशी ॲक्सल बदलून दिला, आणि मग एकच टक, म्हणजे लालनं तेवढ्याच वेळात दुप्पट अंतर कापलं! पोरगी ओरडलीच, "पप्पा, दुप्पट स्पीड!"

आता खरी तक्रार. सोबतच्या कागदावर छापलंय की दोन्ही गाड्यांना सारखी एनर्जी मिळते. साफ चूक आहे हे. सारखा असतो तो मोमेंटम, दिशा उलटी, कारण स्प्रिंग दोघींना तेवढ्याच जोरानं तेवढाच वेळ ढकलते, पण तेवढ्या वेळात हलकी गाडी जास्त अंतर कापते म्हणून तिच्यावर काम जास्त होतं आणि एनर्जीचे दोन वाटे लालला, एक निळीला.

मोबाईलच्या स्लो मोशनमधून स्पीड काढले, लाल ०.८४, निळी ०.४२ मीटर पर सेकंद. मोमेंटम दोन्हीकडं ०.२१, बरोबर जुळला. एनर्जी मात्र ०.१३ जूलच भरली, बाकीची घर्षणात, आवाजात आणि स्प्रिंग स्वतः थरथरते त्यात गेली. एवढी एनर्जी गळूनही मोमेंटम जुळतो हे पोरीनं स्वतः वहीत मांडलं, मला लई भारी वाटलं.

किट जरूर घ्या, गाड्या दणकट आहेत. कागदावरची ती ओळ मात्र पेनानं खोडा मगच पोरांच्या हातात द्या, दुकानदाराला पण मी तेच सांगून आलोय आणि कंपनीला कळवतो म्हणालेत.