‘ब्लॅकेस्ट नाइट’: न बोलावता परतलेली माणसे

बाबांच्या दहाव्याला आम्ही रामटेकच्या अंबाळा तलावावर पिंड मांडून बसलो होतो आणि बराच वेळ कावळा शिवत नव्हता. शेवटी मोठ्या काकांनी हात जोडून, धाकटीचे शिक्षण अर्धवट राहू देणार नाही असा मोठ्याने शब्द दिला, तेव्हा कुठे तो खाली उतरला. यंदाच्या पितृपक्षात नागपूरच्या घरी ‘ब्लॅकेस्ट नाइट’ हा डीसी कॉमिक्सचा संग्रह वाचताना हा प्रसंग मला वारंवार आठवत राहिला.

जेफ जॉन्स यांनी लिहिलेली आणि इवान रीस यांनी चितारलेली ही मालिका २००९-१० मध्ये सुट्या अंकांच्या रूपात निघाली. शून्यापासून आठपर्यंतचे मुख्य अंक या संग्रहात एकत्र मिळतात. काळ्या अंगठ्या थडग्यांत शिरून ‘ऊठ’ अशी आज्ञा करतात आणि महानायकांचे मृत सोबती, जोडीदार, आप्त उठून त्यांच्यासमोर उभे राहतात. त्यांच्याकडे आठवणी सगळ्या असतात, बोलण्याची ढबही तीच असते, माया मात्र नसते. जिवंत माणसाच्या मनातला राग, भीती, आशा, प्रेम त्यांना रंगांच्या रूपात दिसते आणि ती भावना ऐन भरात आली की ते त्याचे काळीज उपटून घेतात. म्हणूनच हे मृत आधी बोलतात, जुन्या जखमेवर नेमके बोट ठेवतात आणि मगच हात उगारतात. अॅलेक्स सिंक्लेअर यांच्या रंगसंगतीने हे विलक्षण परिणामकारक झाले आहे: करड्या-काळ्या चौकटीत एकाच माणसाभोवती हिरवा किंवा जांभळा उजेड दिसला की आता त्याचे काय होणार या विचाराने वाचणाऱ्याचा श्वास अडतो.

पहिल्याच अंकात रे पामर, म्हणजे ‘अॅटम’ हा महानायक, आपला मित्र हॉकमन याला, जीनच्या थडग्यापाशी माझ्यासोबत चल, अशी फोनवर विनंती करतो. जीन ही रेची घटस्फोटित पत्नी. तिच्याच हातून त्यांच्या मित्राची, राल्फ डिब्नीची, पत्नी सू मारली गेलेली असते. हॉकमन नकार देतो. ज्या बाईवर एके काळी प्रेम केले आणि जिच्या कृत्याची लाज वाटते, तिच्यासाठी रडावे की नाही हे रेला कळत नाही, आणि घाटावर एकट्याने जायला ज्याचे पाऊल उचलत नाही अशा माणसाची ही अवस्था लेखकाने मोजक्या संवादांत पकडली आहे. त्याच अंकात मृत राल्फ आणि सू हॉकमनच्या घरात शिरतात. ती पाने मी दुसऱ्यांदा वाचू शकलो नाही.

मला सर्वाधिक भिडली ती मात्र हँक आणि डॉन या महानायक हॉल बंधूंची गोष्ट. दोघेही मेलेले, हँक अंगठीच्या आज्ञेने उठतो, पण डॉनच्या थडग्याशी अंगठी अडते आणि तो शांत झाला आहे एवढेच सांगते. ज्याची कसलीही इच्छा मागे राहिलेली नाही, त्याला उठवता येत नाही. कावळा शिवण्याचा अर्थ लहानपणापासून ऐकलेल्या मराठी वाचकाला हे पान समजावून सांगावे लागणार नाही.

उत्तरार्ध तितका सकस नाही. एकेका भावनेच्या अशा सात रंगांच्या फौजा, मृत्यूचा अधिपती नेक्रॉन आणि सततच्या लढाया यांत ती घरगुती, दुखरी संभाषणे हरवतात. शेवटी बारा मृत पात्रे खरोखरच जिवंत होतात, आणि तोवर ज्या वियोगाने आपल्याला हलवले, त्याचे वजन त्यामुळे कमी होते, असे माझे स्पष्ट मत आहे.

घेणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. बॅटमॅनचा पहिला साथीदार ‘रॉबिन’ असलेल्या डिक ग्रेसनचे झुल्यावरच्या कसरती करणारे आईवडील परततात ते बॅटमॅनच्या तीन अंकांच्या स्वतंत्र जोडकथेत; ती या संग्रहात नाही. आपल्या भावना मृतांना दिसू नयेत म्हणून डिक आणि त्याच्यानंतर रॉबिन झालेला टिम तिथे स्वतःला गोठवून घेतात. महानायकांच्या कथांमध्ये शोकाचे इतके अचूक चित्र मी क्वचितच पाहिले आहे, म्हणून ती जोडकथा मिळवून मुख्य मालिकेच्या सुरुवातीच्या चार अंकांसोबत वाचावी. रक्तपात बराच असल्याने लहान मुलांच्या हाती हे पुस्तक देऊ नये, आणि ज्यांच्या घरी नुकतेच कोणी गेले आहे त्यांनी वर्षश्राद्ध होईपर्यंत तरी थांबावे.