मोझेलस्टाइग, दोन सॅक आणि पाच महिने : वापरानंतरचा अनुभव

जर्मनीतल्या मोझेल नदीच्या काठाने पेर्लपासून कोब्लेंझपर्यंत जाणारी ही ३६५ किलोमीटरची पायवाट, २४ टप्प्यांची, २०१४ पासून खुली. आम्ही दोघांनी ती मे ते सप्टेंबर अशी तुकड्यातुकड्यांनी चाललो. सलग तंबू घेऊन चालायचा बेत असेल तर आधीच सांगतो, नका करू. वाट नदीकाठाने जाते असं नकाशावर दिसतं, पण रोज नदीपासून डोंगरकडेपर्यंत चढते, गावात उतरते आणि पुन्हा चढते. एका टप्प्यात एकूण चढ ४०० ते ७०० मीटर सहज होतो, आणि तिथे सॅकमधला प्रत्येक किलो जाणवतो.

तंबूसकट आमच्या सॅक ११ आणि ९ किलोच्या होत्या. तंबू, मॅट आणि स्टोव्ह काढल्यावर ७ आणि ५.५ वर आल्या. उघड्यावर कुठेही तंबू ठोकायला इथे परवानगी नाही. कॅम्पसाइट बहुतेक नदीला लागून, त्यामुळे पहाटे धुकं आणि दव इतकं की तंबू ओलाच गुंडाळावा लागतो आणि वजन आणखी वाढतं. त्यापेक्षा एका गावात तीन-चार रात्री खोली घ्यावी आणि रोज ट्रेनने टप्प्याच्या सुरुवातीला जावं. एकाच रात्रीसाठी खोली द्यायला बरीच घरं नाखूश असतात, किंवा जादा आकार लावतात.

ट्रेनसाठी डॉइचलांडटिकेट, म्हणजे देशभर चालणारा महिन्याचा पास, पुरेसं आहे. २०२५ मध्ये महिना ५८ युरो होतं, २०२६ पासून ६३. प्रादेशिक गाड्या आणि बस चालतात, आयसी-आयसीई या लांब पल्ल्याच्या गाड्या नाहीत. हे तिकीट दर महिन्याला आपोआप पुढे चालू राहतं. थांबवायचं तर चालू महिन्याच्या १० तारखेपर्यंत रद्द करावं लागतं. हे विसरलं की पुढच्या महिन्याचे पैसे गेलेच. बुलाय, नेफ, एडिगर-एलर, कोखेम ही स्टेशनं मुख्य मार्गावर, आणि बुलायहून ट्राबेन-ट्रारबाखला फाटा जातो. त्सेल आणि बाइलश्टाइनला रेल्वे नाही, बस आहे. रविवारी बस कमी असतात, परतीची वेळ सकाळीच पाहून ठेवावी.

वेळ कमी असेल तर ट्राबेन-ट्रारबाख ते कोखेम हे सहा टप्पे घ्या. वरच्या मोझेलला चुनखडीची माती, एल्ब्लिंग द्राक्ष, उतार सौम्य. सुंदर आहे, पण प्रवाहाबरोबर खाली येता येता स्लेट सुरू होते आणि मग खरा मोझेल दिसतो. काळी पाटीसारखी ही दगडचिप दिवसभर ऊन साठवते आणि रात्री वेलींना परत देते. एवढ्या उत्तरेला रीसलिंग हे पांढऱ्या वाइनचं द्राक्ष पिकतं त्यात या दगडाचा मोठा वाटा आहे. जुन्या बागांत एकेक वेल एकाच खुंटाला बांधलेली आणि तिच्या दोन फांद्या बदामाच्या आकारात वाकवलेल्या दिसतील. नाशिकच्या मांडवाची सवय असलेल्याने इथे थांबून बघावंच.

ब्रेम गावाजवळचा काल्मोंट हा द्राक्षबागांचा डोंगर म्हणजे या वाटेचं काळीज. उतार काही ठिकाणी ६५ अंशांपर्यंत. मुख्य वाट माथ्यावरून जाते, तर उतारातून ब्रेम ते एलर असा लोखंडी दोर, शिड्या आणि पायऱ्यांचा क्लेटरस्टाइग आहे. सह्याद्रीतले कातळटप्पे केलेल्यांना तो जड नाही. अडचण होते ती ओल्या स्लेटची. पाऊस पडल्यावर तिथे जाऊ नये, कारण पातळ चिपा एकमेकींवरून सरकतात आणि सोल चांगला असूनही पाय धरत नाही. काठ्या आधीच दुमडून सॅकला बांधाव्यात. दोर धरायला दोन्ही हात लागतात. डोक्यापेक्षा उंच सॅक दोराला आणि झुडपांना अडते. उन्हाळ्यात तीव्र उतारांवर हेलिकॉप्टरने बुरशीनाशक फवारतात. तेवढा वेळ वाट बंद असते, फलक असेल तर थांबायचं.

काठीची रबरी टोपणं स्लेटच्या फटींत अडकून निघून येतात. दोन जादा जोड्या ठेवाव्यात. पाणी माणशी दोन लिटर, उन्हाळ्यात अडीच. बागांत सावली नाही आणि दफनभूमीच्या नळांवर बहुधा ‘पिण्यायोग्य नाही’ अशी पाटी असते. गवतातून आल्यावर गुडघ्यामागे आणि कमरेला गोचीड तपासा, रोज, एकमेकांची.

वाइनसाठी श्ट्राउसविर्टशाफ्ट शोधा. शेतकऱ्याच्या अंगणातली ही बैठक वर्षात जास्तीत जास्त चार महिने चालते, ४० जागांपर्यंत, आणि वाइन त्याचीच. दारावर झाडू किंवा हिरवी माळ लटकली असेल तर उघडी आहे. ०.१ लिटरचा पेला मागावा, दोघांत तीन-चार प्रकार होतात. ‘ट्रोकन’ म्हणजे कोरडी. ‘फाइनहेर्ब’ किंचित गोड, पण त्याला कायद्याची व्याख्या नाही, म्हणून विचारून घ्यावं. गोडसर काबिनेट या हलक्या प्रकारात अल्कोहोल साधारण ८-९ टक्के. दुपारी चढ बाकी असेल तर हीच बरी. शाकाहारी असाल तर फ्लामकुखन (पिझ्झासारखी पातळ भाजलेली रोटी) ‘श्पेकशिवाय’ असं आधी सांगा, नाहीतर डुकराचे तुकडे येतातच. रोख पैसे जवळ हवेत.

बाटली सॅकमध्ये घेऊ नका. भरलेली एक बाटली सव्वा किलोच्या आसपास भरते. बरेच उत्पादक सहा किंवा बारा बाटल्यांची पेटी जर्मनीतल्या पत्त्यावर पाठवतात. सप्टेंबरच्या सुरुवातीला बेर्नकास्टेलचा वाइन महोत्सव असतो, तेव्हा आसपास खोली मिळणं कठीण. मे-जूनमध्ये वाटाही मोकळ्या आणि शेतकऱ्याला बोलायला सवडही असते.