शॉप फ्लोअरवर टीडब्ल्यूआय ट्रेनिंग : वर्षभराने काय टिकलं, काय नाही

मी भोसरी एमआयडीसीतल्या एका ऑटो पार्ट्सच्या मशीन शॉपमध्ये आहे. ट्रेनिंग आमच्याकडे आधीही व्हायचं, म्हणजे ऑडिट जवळ आलं की हजेरीच्या कागदावर सह्या व्हायच्या. मध्ये एक मोटिव्हेशनल स्पीकरही येऊन गेला. टाळ्या झाल्या, समोसे संपले, दुसऱ्या दिवशी शिव्या तशाच. त्यामुळे ‘कल्चर बदलायचंय’ म्हणत मॅनेजमेंटने टीडब्ल्यूआय (ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री, म्हणजे काम शिकवायला आणि माणसं सांभाळायला शिकवणारे कोर्स) आणलं तेव्हा कोणी फार मनावर घेतलं नाही.

प्रकार जुना आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतल्या कारखान्यांत नवखी माणसं भरली, त्यांना झटपट तयार करायला १९४० ते ४५ मध्ये तो उभा राहिला. युद्धानंतर जपानमध्ये गेला, टोयोटाने उचलला. एका कोर्सचे दोन-दोन तासांचे पाच वर्ग, आणि तेही सुपरवायझरसाठी. भाषणबाजी नाही, आपल्याच लाइनवरचं काम सगळ्यांसमोर शिकवून दाखवायचं. वर्ग शिफ्टमध्येच घेतले, गुरुवारची सुट्टी खाल्ली नाही. यानेच निम्मी कुरकुर मिटली.

जॉब इन्स्ट्रक्शनला, म्हणजे काम कसं शिकवायचं त्या कोर्सला, माझ्याकडून पैकीच्या पैकी. कामाचे टप्पे, प्रत्येक टप्प्यातली खुबी आणि ती कशासाठी, हे कागदावर उतरवायचं असतं. एका फ्लँजचा फेस रनआउट (पार्ट फिरवला की त्याच्या तोंडाची होणारी डगमग) सारखा मर्यादेबाहेर जायचा, पण मामांच्या शिफ्टला नाही. मामा आमचे सगळ्यात जुने ऑपरेटर. विचारलं तर म्हणायचे, “मी काय वेगळं करतोय रे?” कागद भरायला शेजारी उभे राहिलो तेव्हा दिसलं. एअर गन मारून झाली की पार्ट लावण्याआधी ते मशीनवर पार्ट पकडणाऱ्या जॉच्या सीटिंगवरून अंगठा फिरवतात. हवेने न निघालेली बारीक चिप, म्हणजे धातूचा कीस, तिथेच सापडते; तिच्यामुळेच पार्ट तिरका बसायचा. कागदावर आम्ही अंगठ्याऐवजी कापड लिहिलं, हिंदीतही लिहिलं, कारण निम्मी पोरं बिहार-ओडिशाची आहेत. आता नवा पोरगा नुसतं पुसत नाही, का पुसतोय ते शिकवणाऱ्याला सांगून दाखवतो.

खरा फरक इथेच पडला. पूर्वी हेल्परने दुसऱ्यांदा विचारलं की “एकदा दाखवलं ना? लक्ष कुठे होतं?” आता खिशातल्या कार्डवरच छापलंय की कामगार शिकला नसेल, तर शिकवणाऱ्याने शिकवलेलंच नाही. (क्वालिटीवाल्यांनी सुपरवायझरना टोमणे मारायला या वाक्याचा मनसोक्त वापर केला, तो भाग वेगळा.) बिघडलेला पार्ट स्क्रॅपच्या बिनमध्ये तळाला दडपण्याऐवजी पोरं आता आणून दाखवतात.

जॉब रिलेशन्सचं, म्हणजे माणसांशी कसं वागायचं त्या कोर्सचं, मात्र अर्धंच जमलं. चांगल्या कामाची दखल घ्या, बदल होणार असेल तर माणसाला आधी सांगा, असं त्यात आहे. सुपरवायझर मनापासून करायला लागले, पण शिफ्ट बदलल्याचा मेसेज वरून रात्री दहाला येत असेल तर तेही आधी काय सांगणार? वरचे साहेब एकाही वर्गाला बसले नव्हते.

आणखी दोन अडचणी. शिकवून झाल्यावर पुन्हा जाऊन बघणं ही जॉब इन्स्ट्रक्शनची चौथी पायरी, ती मंथ एंडच्या डिस्पॅचमध्ये पहिली गळते. आणि कंत्राटी पोरांना सहा-सात महिन्यांत ब्रेक मिळतो, की परत पहिल्यापासून. कागद तयार असल्याने आता तेवढं जड जात नाही.

तुमच्याकडे आणणार असाल तर प्लँट हेडला पहिल्याच बॅचमध्ये बसवा. आमचे पुढच्या बॅचला बसणार आहेत. तारीख सारखी पुढे जातेय.