दोन चाकांचं रोबोट किट: वर्गात नेण्याआधी बॅटरी बदला

निवृत्तीनंतर मुलांना रोबोटिक्स शिकवायचं मनावर घेतलेल्या इंजिनिअरच्या हाती पहिल्यांदा बहुधा हेच किट पडतं: अ‍ॅक्रिलिकची चेसिस, दोन पिवळ्या बीओ मोटर्स (गिअर लावलेल्या छोट्या मोटर्स), त्यांना वीज पुरवणारा आणि दिशा बदलणारा एल२९८एन ड्रायव्हर, प्रोग्रॅम चालवणारा आर्डुइनो उनो बोर्ड आणि आवाजाच्या प्रतिध्वनीवरून अंतर मोजणारा एचसी-एसआर०४ सेन्सर. किट चांगलं आहे, घ्यावंच. यातली प्रत्येक गोष्ट उघडी दिसते, त्यामुळे बिघाड कुठे झाला ते मुलांना बोट ठेवून दाखवता येतं.

तक्रार बॅटरीबद्दल आहे. अनेक किटमध्ये ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी येते. तिचा अंतर्गत रोध जास्त असतो. दोन्ही मोटर्स एकदम सुरू झाल्या की व्होल्टेज कोसळतं, आर्डुइनो रीसेट होतो आणि गाडी जागच्या जागी गचके खात राहते. मूल मात्र तासभर प्रोग्रॅममध्ये चूक शोधत बसतं. चार एए सेलनेही भागत नाही. एल२९८एन जुन्या बायपोलर पद्धतीचा असल्याने साधारण दोन व्होल्ट स्वतःच खातो. ६ मधले ४ मोटरपर्यंत पोचतात आणि आर्डुइनोला वीज देणाऱ्या त्याच्या ५ व्होल्टच्या पिनवर पुरते ५ मिळत नाहीत. सहा रिचार्जेबल एए सेलचा (प्रत्येकी १.२ व्होल्ट) होल्डर लावा. ७.२ व्होल्टमधून मोटरला पाचेक मिळतात, तिला तेवढे छान पुरतात. लिथियमचे १८६५० सेल लहान मुलांच्या हातात देऊ नयेत, एक उघडी वायर टेकली तरी महागात पडतं.

मोटरच्या मागच्या तांब्याच्या पत्र्या कागदासारख्या पातळ असतात, दोनदा वाकल्या की तुटतात. वायरी घरीच सोल्डर करून झिप टायने मोटरच्या अंगाला बांधून टाका, म्हणजे ओढ पत्रीवर येत नाही. त्याच वेळी दोन टोकांमध्ये १०४ चा (म्हणजे ०.१ मायक्रोफॅरडचा) सिरॅमिक कपॅसिटर लावला की ब्रशच्या ठिणग्यांचा त्रास कमी होतो. अ‍ॅक्रिलिकवरचा कागद सोलायचं आणि एम३ स्क्रू बसवायचं काम मुलांवर सोडा; फक्त स्क्रू बेताने आवळायला सांगा, प्लेट तडकते.

ओहमच्या नियमाने सुरुवात करायचा मोह आवरा. आधी मोटर थेट दोन सेलला लावू द्या, मग वायरी उलट करू द्या. चाक उलटं फिरलेलं पाहिलं की ड्रायव्हर कशासाठी असतो हे वेगळं सांगावं लागत नाही.

गाडी एका बाजूला ओढणारच, कारण दोन मोटर्स कधीच तंतोतंत सारख्या नसतात. एकीला पीडब्ल्यूएम (मोटरचा वेग ठरवणारा सिग्नल) १८०, दुसरीला १६८ असं करत मुलांनाच जुळवू द्या. धड्याचा सगळ्यात मोलाचा भाग हाच. अंतरासाठी प्रतिध्वनीचे मायक्रोसेकंद गुणिले ०.०३४ भागिले २, उत्तर सेंटिमीटरमध्ये. पडद्यासमोर किंवा तिरक्या भिंतीसमोर सेन्सर फसतो, तेही मुद्दाम दाखवा.

एक छुपी अडचण: सर्व्हो लायब्ररी (ठरावीक कोनात वळणारी सर्व्हो मोटर चालवायचा तयार कोड) वापरली की उनोच्या ९ आणि १० नंबरच्या पिनवरचं पीडब्ल्यूएम बंद पडतं. ड्रायव्हरच्या इनेबल पिना (मोटरचा वेग ठरवणाऱ्या) ५ आणि ६ वर घ्या. ड्रायव्हर आणि आर्डुइनोचा ग्राउंड जोडायचा राहिला तर काहीच धड चालत नाही, म्हणून तपासणी तिथूनच सुरू करा.

एका किटवर दोनच मुलं बसवा. पाच किटमागे दोन जादा मोटर्स आणि मूठभर जंपर वायरी जवळ असू द्या.