व्हॅली ऑफ फ्लॉवर्स ग्रुप ट्रेकच्या नावाखाली 94,200 रुपये गेले, बुकिंग करणार असाल तर आधी हे वाचा

हे लिहायला तीन आठवडे लागले कारण लाज वाटत होती. आम्ही सहाजणी, सगळ्या पंचेचाळिशीच्या पुढच्या, ऑगस्टमध्ये उत्तराखंडमधल्या व्हॅली ऑफ फ्लॉवर्स, हेमकुंड आणि येताना बद्रीनाथ-माणा असा ग्रुप ट्रेक एका ट्रेकवाल्याकडे बुक केला. माणशी 14,500. आधी 5,000 ॲडव्हान्स, मग दहा दिवसांनी "घांगरियात रूम फुल होतायत ताई, ब्लॉक करायच्यात" म्हणून (घांगरिया म्हणजे दरीच्या आधीचं मुक्कामाचं गाव) उरलेले 9,500, आणि निघायच्या चार दिवस आधी परमिटचे म्हणून 1,200 वेगळे. एकूण 94,200, आणि सगळे माझ्या खात्यातून गेले, बाकीच्या पाचजणींनी माझ्या भरवशावर दिले होते. हेच सगळ्यात जास्त टोचतंय.

पुढचं तुम्हाला कळलंच असेल. हरिद्वार स्टेशनबाहेर टेम्पो ट्रॅव्हलर येणार होती, "ड्रायव्हर निघालाय, ट्रॅफिक आहे" असं साडेअकरापर्यंत चाललं, मग फोन बंद आणि व्हॉट्सॲप ग्रुपमधून आम्हालाच काढून टाकलं.

पण मला राग येतोय तो दुसऱ्याच गोष्टीचा. प्लॅनमध्ये लिहिलं होतं, "तिसरा दिवस: फुलांच्या दरीत टेंटमध्ये मुक्काम, रात्री कॅम्पफायर". अहो ते नॅशनल पार्क आहे, युनेस्कोच्या यादीतलं, आत रात्री राहायला परवानगीच नाही, सकाळी जायचं आणि दिवस असताना बाहेर पडून घांगरियाला परत यायचं. आणि हे मला माहीत होतं! मी वाचलं होतं, त्या ट्रेकवाल्याला विचारलंसुद्धा. तर म्हणाला, "ताई, आपली फॉरेस्टची स्पेशल परमिशन आहे, म्हणून तर 1,200 वेगळे घेतोय." आणि मी गप्प बसले. तेव्हाच फोन ठेवला असता तर निदान शेवटचे 7,200 तरी वाचले असते आणि 57,000 जाऊन चारच दिवस झाले होते, लगेच सायबर फसवणुकीच्या 1930 हेल्पलाइनला फोन केला असता तर कदाचित त्यातलेही काही अडवता आले असते.

मी काही भोळीभाबडी नाही, 22 वर्षं हिशेबाचं काम करतेय, ओटीपी आजवर कोणाला दिला नाही. तो व्हिडिओ कॉलवर यायचा, आपल्यासारखंच मराठी बोलायचा, पुलनापासून घांगरियापर्यंत दहाएक किलोमीटरचा चढ कसा आहे, हेमकुंडला 4,000 मीटरच्या वर दम कसा लागतो, पोंचो कुठला घ्यायचा, सगळं बारीक सांगायचा. कोणीही विश्वास ठेवला असता. क्यूआर स्कॅन केल्यावर कंपनीऐवजी कुठल्यातरी बाईचं नाव आलं, तर "मिसेसचं खातं आहे". नाव वेगळं दिसलं की तिथेच थांबा, कारण विचारत बसू नका, कारण त्यांच्याकडे तयारच असतं.

आता पोलिसांचं ऐका. तिथल्या चौकीत सांगितलं, पैसे महाराष्ट्रातून पाठवलेत ना, तिकडे तक्रार करा. इकडे आल्यावर म्हणे गाडी हरिद्वारला येणार होती ना, मग तिकडचा विषय. दोन तास बाकावर बसवलं आणि वर एक साहेब म्हणतात, "एवढ्या शिकलेल्या बायका, बिल घेतलं नाही?" झीरो एफआयआर, म्हणजे गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो, कुठल्याही ठाण्यात घ्यावा लागतो, नवीन कायद्यात, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, कलम 173 मध्ये आहे, ते मोबाईलवर दाखवलं तर "आम्हाला कायदा शिकवू नका". शेवटी साधा अर्ज घेऊन शिक्का मारून दिला. बँकेत गेले तर तुम्हीच पिन टाकलाय, आम्ही काही करू शकत नाही. सायबर पोर्टलवर तक्रार टाकलीये, रोज स्टेटस बघते, काही हलत नाही. मग सामान्य माणसाने जायचं कुठे?

पूर्ण पैसे आधी कोणालाही देऊ नका. राहायचं हॉटेल कुठलं ते विचारा आणि त्या हॉटेलचा नंबर स्वतः शोधून फोन करा, त्यांनी दिलेल्या नंबरवर नाही. माझं एवढंसं काम राहिलं. सगळे चॅट, स्क्रीनशॉट आधीच सेव्ह करून ठेवा, ग्रुपमधून काढल्यावर सुचत नाही.

आम्ही तरी गेलोच, स्वतः जीप करून, आणखी 46,300 घालून. दरीच्या चेकपोस्टवर मुद्दाम विचारलं, आत टेंट लावतात का? तिथला माणूस बघतच राहिला, म्हणाला, यहाँ रात को कोई नहीं रुकता.

परवा भाचीने इन्स्टावरची एक जाहिरात पाठवली. पेजचं नाव वेगळं, सप्टेंबरची बॅच, माणशी 13,999. तिसऱ्या दिवसाची ओळ शब्दन् शब्द तीच आहे.